निळ्या वेलीचा वाडगा

निपाणी सोडली त्या सकाळी आईने माझ्या तळहातावर दही-साखर ठेवली आणि मी वाडग्याकडे बोट दाखवलं. पांढरा, चिनी मातीचा, काठाभोवती निळी वेल. तो मला बंगळूरला न्यायचा होता. "विरजणाचा वाडगा उंबऱ्याबाहेर जात नाही," आई म्हणाली. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी फुरंगटूनच निघाले.

माझे वडील, अप्पा, शाळेत चित्रकला शिकवायचे. थोड्याच दिवसांत त्यांनी त्या वाडग्याचं जलरंगातलं चित्र पाठवलं. वेलीचं पान न् पान रंगवलेलं, आतल्या दह्याला मात्र रंगच नाही. कागद तसाच पांढरा सोडला होता. सर्जापूर रोडच्या फ्लॅटमध्ये मी ते ओट्यासमोर टांगलं. खाली दह्याचं पाकीट कापायचं, वर चित्र बघायचं. ऑफिसात हिंदी-इंग्लिश, दुकानात मोडक्या कन्नडमध्ये 'स्वल्प कम्मी माडि अण्णा', मराठी फक्त फोनवर. माझ्यासारखे जे बाहेर पडलेत त्यांना हे सांगायला नको. जे तिकडेच राहिले त्यांना सांगते, त्या चित्राचा मला फार आधार होता. वाडगा घरी आहे, त्यात कुणीतरी रोज दूध विरजतंय, एवढं मला पुरायचं.

मग आई गेली. अप्पा एकटेच दही लावत राहिले. इकडे चला म्हटलं की म्हणायचे, "विरजण कोण सांभाळणार?" मी चिडायचे. एका माणसाला कसलं आलंय विरजण! गेल्या उन्हाळ्यात ते न्हाणीघरात घसरून पडले, तेव्हा मी हट्टाने घर बंद करून त्यांना घेऊन आले. टॉवेलात गुंडाळलेला वाडगा त्यांनी प्रवासभर मांडीवर धरला होता. "आता तिथं कशाला ठेवू?" एवढंच म्हणाले.

इथेही दही छान लागतं. घट्ट, गोडसर, आईचं लागायचं तसंच. मी मात्र अर्धी वाटी तशीच ठेवून उठते. भिंतीवर चित्र, ओट्यावर वाडगा, आणि दोन्हींकडे एकदम बघवत नाही. अप्पा गॅलरीत बसून शेजारच्या अक्कांशी कन्नडमध्ये बोलतात. माझ्याशी फारसं नाही.

परवा सवयीने मी मोबाइलवर दिवाळीच्या बसची तिकिटं बघत बसले होते. खिडकीजवळची सीट मिळाली म्हणून खूशही झाले. अप्पांनी चष्मा सावरून डोकावलं.

"निपाणीला?" त्यांनी विचारलं. "कुणाकडं चाललीस गं? मी इथं आहे की."