मामांचं हलकं-जड

माझ्या बायकोच्या मामांइतका, काम सुरू व्हायच्या आधीच ते किती जड जाणार हे सांगणारा माणूस अख्ख्या विदर्भात दुसरा नसेल; आणि असलाच तर त्याने कृपा करून आमच्या घरी येऊ नये. एक पुरे आहे. मामा नागपुरातले सर्जन. लिव्हरमधल्या गाठी दुर्बिणीतून काढणं हे त्यांचं काम. पोटाला बारीक छिद्रं पाडायची, एकातून कॅमेरा आत घालायचा आणि पडद्यावर बघत बघत गाठ मोकळी करायची. यात कोणतं ऑपरेशन सुरळीत होईल आणि कोणतं रडवेल, हे आधीच ओळखण्यात मामांचा हात धरणारा कोणी नाही. स्कॅनची फिल्म उजेडासमोर धरायची, चष्मा कपाळावर चढवायचा आणि तीनपैकी एक शब्द बोलायचा: हलकं, मध्यम किंवा जड. गाठ पुढच्या काठाला असली तर हलकं. मागे वरच्या अंगाला दडून बसली असेल, शेजारून मोठी शीर जात असेल किंवा जुन्या ऑपरेशनमुळे आतलं सगळं एकमेकांना चिकटलं असेल, तर जड. हा शब्द कधी खोटा ठरला नाही, असं त्यांच्या हाताखालचे डॉक्टर सांगतात.

पंचाईत ही, की दवाखान्यातून निघताना मामा ॲप्रन काढून ठेवतात, ही सवय ठेवत नाहीत. एकदा दिवाळीच्या तोंडावर आम्ही सीताबर्डीवर गेलो. गर्दीत गाडी लावायला चक्क एक जागा दिसली. मामा खाली उतरले, कमरेवर हात ठेवून तिच्याभोवती फिरले आणि म्हणाले, "पुढून साफ आहे जावईबुवा, पण मांगं खांब आहे अन् त्याले चिकटून पाणीपुरीचा ठेला. जड." ही तपासणी चालू असतानाच एक बाई आमच्याहून मोठी गाडी घेऊन आल्या, "काका, बाजू व्हा" म्हणाल्या आणि एका झटक्यात गाडी आत घालून निघूनही गेल्या. मामा त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले. "नशीब असते एखाद्याचं," एवढंच बोलले. घरातलं कोहळं चिरायचं असलं तरी आधी ते मामांसमोर येतं. सांबारवडीला, म्हणजे कोथिंबीर भरून तळलेल्या वडीला, मात्र ते न तपासता "हलकं" म्हणतात, सात-आठ खातात आणि संध्याकाळी फोन करून आमच्याकडे पोटाच्या गोळीची चौकशी करतात. लिव्हर सोडून जगातल्या बाकी कोणत्याही गोष्टीत त्यांचा अंदाज बरोबर आलेला मी पाहिला नाही.

माझ्याच बाबतीत बघा ना. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. बी.कॉम. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगतो, आणि लग्नाच्या बोलणीत तर विचारलंही होतं. आमच्या खापा गावाहून रोज एसटीच्या दांड्याला लटकत कॉलेज केलं. मामांनी मला वरून खाली न्याहाळलं, चष्मा कपाळावर नेला आणि बायकोच्या वडिलांना म्हणाले, "मध्यम." मला त्या दिवशी जड चाललं असतं, हलकंही गिळलं असतं. मध्यम मात्र आजतागायत उतरलेलं नाही.

मग माझ्या आईच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली. गाठ चांगली नव्हती. आई म्हणजे वांग्याच्या भाजीत मीठ कमी पडलं तर शेजारणीच्या घरी जाऊन सांगणारी बाई. ती दवाखान्याच्या बाकावर पदर आवळून गप्प बसली होती. मामांनी फिल्म उजेडासमोर धरली. माझ्यासाठी वापरलेला तो मध्यम शब्द त्यांनी आता आईसाठी वापरावा, म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले.

"जड," मामा म्हणाले.

"मग दुर्बीण राहू द्या मामा, सरळ पोट उघडून करा," मी म्हणालो.

"काहून? जड म्हणजे होत नाही, असं कोणी सांगितलं तुम्हाले? जड म्हणजे घाई करायची नाही. सकाळचं पहिलं ऑपरेशन, रक्त तयार, बाजूले अजून एक तरबेज सर्जन. अन् आत अडलंच, तर पोट उघडाले लाजायचं नाही. हलकं समजून आत गेला तो फसला."

आईला आम्ही 'दुर्बिणीचं ऑपरेशन' एवढंच सांगितलं होतं. आणि दुर्बीण हे लांबचं बघायचं यंत्र, एवढं तिला पक्कं ठाऊक. भरती झाल्यावर मामा तपासायला आले तेव्हा तिने एकदाचं विचारून टाकलं, "भाऊ, राग नका मानू. पण दुरून काहून करता? माह्या पोटाचं काम हाये, जवळ येऊन करा नं."

नर्स हसली, माझी बायको हसली. मी पदवीधर असल्यामुळे समजावून सांगायला पुढे सरसावलो. मामांनी मला हातानेच थांबवलं, स्टूल ओढून पलंगाला टेकवलं आणि बसले.

"विहीणबाई, दुर्बीण तुमच्या पोटात राहते. मी तिथंच, तुमच्या अंगाले लागून उभा राहतो. हलत नाही."

"मंग ठीक हाये. कसं जाईन हे, भाऊ?"

मामांनी चष्मा कपाळावर नेला नाही. "तुम्हाले हलकं," ते म्हणाले. "मले जड."

सकाळी आत नेलं, ते दुपार कलली तरी दार उघडेना. मामा बाहेर आले तेव्हा त्यांची पाठ घामाने भिजलेली होती. "निघाली. पूर्ण निघाली. पोट उघडावं नाही लागलं." मग भिंतीला टेकले, आणि पैज जिंकल्यासारखे माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हटलं होतं नं, जड?"

आता मामा ऑपरेशन करत नाहीत. हाताला किंचित कंप आहे. तो दुसऱ्या कोणाच्या लक्षात यायच्या आधीच त्यांनी स्वतःहून काम थांबवलं. रविवारी आमच्या जरीपटक्याच्या घरी येतात. नवे डॉक्टर मोबाईलवर स्कॅन पाठवतात. मामा शब्द सांगतात, मोबाईल उपडा ठेवतात आणि अंगणाच्या पार टोकाला खुर्ची टाकून बसतात. मी एकदा गमतीने विचारलं, "मामा, हे घरी बसणं कसं आहे? हलकं का जड?"

बशीतल्या सांबारवड्या तशाच गार होत होत्या.

आई तेव्हा तपासणीसाठी खाप्याहून आली होती. दाराशी सुपात तूर निवडत बसली होती. तिने मान वर केली.

"भाऊ, एवढ्या दुरून काहून बसले? जवळ येऊन बसा नं."

मामांनी खुर्ची उचलली आणि तिच्या सुपाला लागून आणून ठेवली. मध्ये कुंड्या होत्या, पाण्याचा पाइप पसरला होता, पण हलकं-जड काही म्हणाले नाहीत.