खुर्चीच्या पायाला चढलेला गंज

लोक समजतात तसा माझा भाऊ न्यूमोनियाने गेला नाही. टीबीने गेला.

औषधांना दाद न देणाऱ्या टीबीने.

आज वर्ष झालं. लिहिणार नव्हते. पण काल माझ्या भावाचा, सुहासचा, दातांचा दवाखाना भाड्याने घ्यायला आलेली तरुण डेंटिस्ट त्याच्या खुर्चीचा पाय बघून म्हणाली, "मॅडम, गंज चढलाय. खिडक्या बंद ठेवायला हव्या होत्या."

अगदी सुहाससारखं बोलली.

मालवणात समुद्रासमोर दवाखाना. खारा वारा लोखंड खातो. म्हणून त्याने खिडक्या सिलिकॉन भरून कायमच्या बंद केल्या, एसी लावला. खुर्ची आरशासारखी लखलखायची.

तो निष्काळजी नव्हता.
दर पेशंटला नवे ग्लोव्हज. हत्यारं ऑटोक्लेव्हच्या वाफेत निर्जंतुक केलेलीच. कावीळ झाली होती का, एचआयव्ही आहे का, सगळं विचारायचा.

खोकल्याचं विचारायचा नाही.

मी वरच्या मजल्यावर राहते. एकदा खाली गेले तर तोंडवली गावचे एक तांडेल, मच्छीमार होडीचे म्होरके, बाकावर खोकून बेजार.

"डॉक्टर, खोकलो थांबणा नाय. फुडल्या आठवड्यात येव काय?"

"तांडेलानु, खोकलो तुमच्या छातीत. माझा काम तुमच्या दाताशी. येवा, तोंड उघडा!"

सगळे हसले. तांडेलही.

त्यांच्याकडूनच आला असं मी म्हणत नाही. असे किती येऊन गेले.

पेशंट खोकतो, ड्रिल तोंडातला फवारा उडवतं, आणि बंद खोलीत ती हवा तशीच राहते. पातळ मास्क ती अडवत नाही. हे छातीच्या डॉक्टरांनी त्याला समजावलं तेव्हा त्याला एका दमात वाक्य पुरं करता येत नव्हतं.

शेवटी घरी एवढंच म्हणायचा, "गो ताय, खिडकी उघड."

त्याचं तेरावं झालं आणि मी सुताराला बोलावून दवाखान्याच्या खिडक्या मोकळ्या करून घेतल्या.
गंज त्यानंतरचा आहे.

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं. तिने नीट ऐकलं.
मग म्हणाली, "पण माझी मशिनं नवी आहेत, मॅडम. गंजतील."

सुहासचीही नवीच होती.

आज भाडेकरारावर सही करतानाही तिचं लक्ष खिडकीकडेच होतं.

सुहास, माझ्या हातात होतं ते केलं.

आज दुपारी तिला सोपवलं ते असं:
दवाखान्याची चावी.
एन-९५ मास्कचा खोका, माझ्यातर्फे.
खुर्ची, पायाला गंज चढलेली.
खिडक्या, उघड्या.