दहापैकी सात

दवाखान्यातले किस्से दवाखान्यात असताना किस्से नसतात. घरी आल्यावर चार माणसं चहाला बसली की ते निघायला लागतात, आणि एक निघाला की त्याच्या मागून दुसरा. आमच्याकडे अजूनही कुणी आलं की फर्माईश होते, "गुरुजी, तो वॉर्डातला वेणीचा सांगा की!" मी सांगतो. लोक पोट धरून हसतात. मीही हसतो, पण सांगताना माझे कान तापतात, ते कुणाच्या लक्षात येत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरातल्या एका दवाखान्यात, लहान मुलांच्या वॉर्डात माझी थोरली नंदा होती. वय नऊ. दोन वर्षांपासून तिचे सांधे सुजायचे आणि ठणकायचे, कधी गुडघे, कधी मनगटं. जरा बरं वाटतंय म्हणेपर्यंत पुन्हा सुरू. औषध नक्की कोणतं लागू पडतंय ते बघायला डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं होतं.

बायको बाळंतपणाला वैरागला, माहेरी. म्हणून सोबतीला मी. बाकी सगळ्या कॉटांपाशी आया, आज्या, मावश्या. पुरुष मी एकटा! डावीकडे मोहोळकडच्या कौसाबाई आणि त्यांचा पाच वर्षांचा भारत, पाय प्लास्टरमध्ये. उजवीकडे नरसम्मा आणि तिची तान्ही नात. नरसम्मा विणकराच्या घरातली; घरात तेलुगू, आमच्याशी मराठी.

आणि मी प्राथमिक शाळेतला मास्तर. नंदा माझ्याच वर्गात होती. घरी अण्णा म्हणायचं, वर्गात गुरुजी म्हणायचं, हा नियम माझाच.

*

तर वेणी.

नंदाचा हात खांद्याच्या वर जात नव्हता, त्यामुळे वेण्या मला घालाव्या लागायच्या. शाळेत विस्कटलेल्या वेण्यांवरून मी मुलींना उभं करायचो. इथे माझी पहिली वेणी कानापाशी सुरू झाली आणि दुसरी मानेखाली!

नरसम्मा बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "गुरुजी, हे वेणी हाय की सुताचा गुंता? सोडा, सोडा. तीन पेड धरा. एवढं ओढू नका, पोरीचं डोकं हाय, माग नाय!"

वॉर्डभर खसखस पिकली. मी लाजेनं कॉटला टॉवेल बांधून आडोसा केला आणि पुन्हा बसलो. एक वेणी झाल्यावर नंदाला विचारलं, "कशी जमली?"

"दहापैकी चार, अण्णा."

मार्कांच्या बाबतीत मी कंजूष म्हणून शाळेत प्रसिद्ध होतो. वर्गात सांगायचो, "दहा मार्क देवाचे, आठ-नऊ गुरुजींचे. त्याच्या खाली तुमचं काय ते बघा!" पोरगी बापावर गेली म्हणून मला उलट कौतुकच वाटलं.

मी दुसरी वेणी घालायला घेतली, तेवढ्यात टॉवेल बाजूला झाला. समोर आमचे हेडमास्तर, हातात मोसंबी! माझ्या दातांत लाल रिबन. नमस्कार करावा तर दोन्ही हातांत वेणी, बोलावं तर रिबन पडते.

"चालू द्या, चालू द्या!" हेडमास्तर म्हणाले आणि मोसंबी ठेवून बाहेर पडले. त्यानंतर किती तरी महिने स्टाफरूममध्ये माझ्या खुर्चीला कुणी ना कुणी रिबन बांधून ठेवायचं.

*

भारतला रोज इंजेक्शन असायचं. ट्रे दिसला की तो असा भोकाड पसरायचा की शेजारच्या वॉर्डातली पोरंही सुरात सूर मिसळायची. नंदा मात्र सुई टोचली तरी हूं की चूं करत नसे. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचो, "बघ भारत, ताईकडून शीक!"

एकदा मी त्याला शिकवायचं मनावर घेतलं. "रडायचं नाही. माझा हात धर घट्ट. शाब्बास!"

सुई गेली. भारतनं खरंच आवाज काढला नाही. तो माझा हात कडकडून चावला! वॉर्डात बोंब कुणाची ऐकू आली असेल, ते सांगायला नको.

कौसाबाई हरखून म्हणाल्या, "रडला न्हाय की वो गुरुजी! लई गुणाचं झालं माजं लेकरू!"

*

भेटायला येणाऱ्यांची एक रीतच असते. ग्लुकोजची बिस्किटं द्यायची, कॉटच्या कडेला बसायचं, पेशंटकडे निरखून बघायचं आणि म्हणायचं, "दिसत तर काहीच नाही!"

कुर्डुवाडीचा माझा चुलतभाऊ, रेल्वेतला, असाच आला. त्या दिवशी नंदाची सूज उतरलेली होती. त्यानं तिचा गुडघा धरला, वाकवला, पुन्हा सरळ केला. "दुखतं का गं?"

"नाही, काका."

"बघा! ढोंग आहे, ढोंग. शाळा बुडवायचे धंदे. मास्तराच्याच घरात!"

नंदा माझ्याकडे बघत होती. आणि मी, कसनुसा का होईना, हसलो. पाहुण्याला तोंडावर काय बोलायचं?

पण कौसाबाई उठल्या. पदर खोचला. "पाव्हणं, तुमचा गुडगा आना की हिकडं. मी वाकवून बगती. न्हाय दुकला तर तुमी बी गपगुमान घरला जावा!"

पाहुणे पुढच्या गाडीनं गेले. नंदा त्या दिवशी पहिल्यांदा खदखदून हसली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. ते बोलायचं काम माझं होतं, आणि ते शेजारच्या कॉटवरून झालं.

*

दर आठवड्याला मोठे डॉक्टर राउंडला यायचे. ते येणार म्हटलं की माझ्या अंगात शाळेची वार्षिक तपासणी संचारायची. साहेब येणार म्हटल्यावर काय करायचं, ते मला झोपेतही ठाऊक!

मी आदल्या दिवसापासून वॉर्डाला तयारीला लावलं. तोंडं धुतलेली, भांग पाडलेले, पावडर लावलेली. "डॉक्टर आले की हात जोडायचे. कसं आहे विचारलं की एका सुरात काय म्हणायचं?"

"बरं आ-हे!"

डॉक्टर आले. "कसं काय, मंडळी?"

"बरं आ-हे!" प्लास्टरमधला भारत सगळ्यांत मोठ्यानं.

डॉक्टर खूश! नंदापाशी आले. वेण्या, रिबनी, पावडर, हसरा चेहरा. "दुखतंय का बाळ?"

"बरं आहे, डॉक्टर."

"छान! उद्या घरी सोडू या हिला."

मी छाती फुगवून उभा. नापास होणारा वर्ग पास झाला होता! तेवढ्यात डावीकडून कौसाबाईंचा आवाज आला.

"डाक्टर, खोटं हाय त्ये समदं! सकाळी पोरीला चहाचा कप धरवंना. गुरुजींनी शिकिवलंय त्येंला!"

डॉक्टरांनी नंदाचं मनगट हातात घेऊन हलकेच दाबलं. ती हसतच राहिली, फक्त डोळे भरून आले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"गुरुजी, मी तपासणीला येत नाही. मला नापास पोरंच बघायची असतात."

धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं मला. डॉक्टर जाता जाता म्हणाले, "तुम्ही शिक्षक ना? मग हिला दुखणं सांगायला शिकवा. कमी किती, जास्त किती, मला कळेल असं. त्यावर औषध ठरवायचंय मला."

*

मास्तर दुसरं काय शिकवणार? मी दुखण्याला मार्क द्यायला शिकवलं. अजिबात दुखत नसेल तर शून्य, सगळ्यांत जास्त दुखेल तेव्हा दहा.

वॉर्डानं हे भलतंच उचलून धरलं. भारतला रोज अकरा! नरसम्मानं कॅन्टीनच्या चहाला शून्य दिले. नंदा मात्र शांतपणे विचार करून सांगायची. चार. पाच. एकदा सहा, त्या दिवशीही ती भिंतीला धरून खिडकीपर्यंत चालत गेली होती. हे सगळं मी डॉक्टरांसाठी वहीत टिपून ठेवायचो.

पुढच्या राउंडच्या दिवशी सकाळी तिला कूसही बदलता येईना. दोन्ही मनगटं टरटरून सुजलेली, मुठी उघडत नव्हत्या. पाणी चमच्यानं पाजलं. वेणी घालायला केसांना हात लावला, तर तिनं ओठ दातांत धरला. मी केस तसेच मोकळे ठेवले.

डॉक्टर आले. "नंदा, आज किती?"

"सात."

डॉक्टरांनी वही चाळली, तिच्या मुठींकडे बघितलं. "सहा होते तेव्हा ही चालत होती. आणि आज एकच मार्क जास्त?"

मी तिच्या उशाशी वाकलो. "नंदा, घाबरू नकोस. नीट विचार करून सांग. नऊ नाहीत? दहा नाहीत?"

तिनं मान हलवली. मग डॉक्टरांना, बाहेरच्या माणसाला शाळेचा नियम समजावून सांगावा तसं, हळूहळू म्हणाली,

"दहा देवाचे असतात, डॉक्टर. आठ-नऊ गुरुजींचे. मुलांना सातच्या वर नसतातच."

आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "हो ना, गुरुजी?"