सगुणाचा कळप

परवा वडवणीच्या बाजारात घोंगडीवाल्याजवळ लोकरीचा उग्र वास आला आणि सगुणा आठवली. मेंढपाळाची सात वर्षांची पोर. रागीट, घुम्या, बिथरलेल्या लहान मुलांच्या आमच्या निवासी शाळेत ती होती आणि मी तिथली नवी ताई.

दिवसभर ती घोंगडीच्या तुकड्यात तोंड खुपसून गप्प बसायची. दिवस बुडाला, की काठी घेऊन पोरांच्या पोटऱ्यांवर फटके द्यायची. हिला राग संध्याकाळीच कसा येतो, याचं मला भारी नवल. एकदा काठी न हिसकावता मी नुसतीच तिच्या मागं फिरले. नळाजवळून, झाडाखालून एकेक पोर हाकत तिनं सगळी खोलीत घातली.

"कावून मारतीस गं त्यांला?"

"मारायले न्हाई, कोंडायले. अंधारात लांडगा येतो."

मग दाराबाहेर काठी आडवी ठेवून बसली.

"आत चल की."

"राखणारानं भाईरच निजायचं असतं, ताई."

तेव्हा मला हसू आलं होतं. परवा मात्र उमगलं, पोरं राखायची नोकरी माझी होती आणि दाराबाहेर बसली होती ती.