सरांचं बोट

आमच्या सरांच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट कंपनीच्या मालमत्तेत धरायला हवं होतं. चिकलठाण्यातल्या आमच्या छोट्या कारखान्यात एकाहून एक महागडी मोजयंत्रं होती, पण एखादा अँप्लिफायर अडला की सगळे एकच म्हणत, "बोट बोलवा."

आम्ही रेडिओलहरींचे अँप्लिफायर बनवायचो. अँटेनातून आलेला मुंगीएवढा सिग्नल मोठा करायचा, पण त्यात आपली खरखर मिसळू द्यायची नाही, एवढंच काम. एवढंच म्हणायला! त्यातून पट्टा रुंद, म्हणजे एकच स्टेशन नाही, खालपासून वरपर्यंत सगळ्या लहरी घ्यायच्या. सर म्हणत, "एका पाव्हण्याला खुश करणं सोपं हाय. आख्खी वरात खुश करून दाखव, मंग बोल."

आणि हे अँप्लिफायर महाखोडकर. सिग्नल दिलेला नसतानाही आपणहून शिट्टी धरायचे. यंत्राच्या पडद्यावर नको तिथे उंच सुळका उभा राहायचा. मग पडेगावहून स्कूटरवर आलेले सर हेल्मेटही न काढता सर्किटवर बोट फिरवत. कुठेतरी ते टेकलं की सुळका गपकन खाली बसे. "इथं दुखतंय त्याला," म्हणत, आणि तिथे बोटासारखाच शिट्टीचा जोर जिरवणारा एक बारीकसा रेझिस्टर डकवला की झालं. मी एकदा कॉम्प्युटरवरचं गणित पुढे केलं, तर म्हणाले, "व्हय, लई हुशार हाय तो. पण त्याला बोट नाय."

बोटाची शिस्त मात्र कडक. गुलमंडीची इमरती आली तरी मोजणी संपेपर्यंत डबा उघडायचा नाही, पाकाचं बोट सर्किटला लागेल म्हणून. एकदा मी चोरून खाल्ली, तर सरांनी तीनदा हात धुवायला लावले.

सरांच्या निवृत्तीच्या दिवशीच माझ्या पहिल्यावहिल्या अँप्लिफायरची परीक्षा होती. दुपारी तो विकत घेणाऱ्या कंपनीचे दोघे येणार होते. त्यांना पसंत पडला तर डिझाइनचं टेबल माझं, नाही तर पुन्हा माल तपासायच्या खोलीत. आणि सकाळी अकराला त्यानं शिट्टी धरली! मी "सर!" म्हणून ओरडले. सर आले, आणि बघते तर काय, बोटाला ही एवढी जाड पट्टी!

"दारात चेपलं," ते म्हणाले.

"मग डाव्या हाताचं तरी..."

"डाव्याला कळत नाय. तुझं हाय की. फिरव."

मला त्यांचा राग आला, खरंच आला. पण करते काय? फिरवलं. सिग्नल आत शिरतो त्या टोकाशी बोट टेकलं आणि सुळका गायब! मी नाचलेच. तिथे रेझिस्टर डकवून मोजलं आणि नाच जागच्या जागी थांबला. शिट्टी गेली होती, पण खरखर ठरलेल्या हद्दीबाहेर वाढली होती.

"काहून गं माय, पहिलं ठिकाण घावलं की दुकान बंद?" सर म्हणाले. "आत येताना सिग्नल पार लेकरू असतंय. तिथं जी खरखर घालशील ती त्याच्यासंगंच मोठी व्हती. म्होरं सरक."

मी रेझिस्टर उपटला आणि बोट पुढे पुढे नेऊ लागले. सर हात पाठीमागे बांधून या पायावरून त्या पायावर होत होते. पार बाहेर पडायच्या टोकाशी सुळका पुन्हा बसला. रेझिस्टर तिथे लावला. शिट्टी नाही, खरखर हद्दीत, खालपासून वरपर्यंत! तोवर सिग्नल चांगला थोराड झालेला असतो, चिमूटभर खरखरीनं त्याचं काही बिघडत नाही.

आलेल्या दोघांनी दोनदा मोजून पाहिलं आणि हसून माझा हात हातात घेतला. टेबल माझं झालं. मग सरांच्या निरोपाचा इमरतीचा डबा उघडला. सरांनी उजवा हात पुढे केला, जरा थांबले, आणि पट्टी सरसर सोडली. आत बोट ठणठणीत. ना सूज, ना ओरखडा.

"सर! चेपलं होतं ना?"

"नाय गं," पाक चाटत ते म्हणाले. "घरूनच बांधून आलो. मोकळं असतं तर राहवलं असतं का मला?"