पाच तारे आणि बेचाळीस तपकिरी

डोळेवाल्या बाईंच्या फोनमध्ये नऊ ॲप्स होती आणि नऊच्या नऊ भाचीने बसवलेली. बाईंचा धंदाच पायाला भिंगरी लावणारा. अपघातात, आजारपणात ज्यांचा एक डोळा गेला, त्यांच्या उरलेल्या डोळ्याशी जुळणारा दुसरा, नकली डोळा त्या रंगवून देत. एकतीस वर्षं, एक पत्र्याची पेटी आणि महिन्यातले वीस दिवस परगावी. पेटीत नखाएवढे ब्रश, बुबुळ रंगवायच्या पांढऱ्या चकत्या आणि रंगांच्या बाटल्या. नुसत्या तपकिरीच्या बेचाळीस छटा.

खोटं कशाला बोला, त्या ॲप्सनी बाईंचं बरंच भलं केलं होतं. गाडी किती उशिरा, डबा कुठे थांबणार, नेट नसतानाही दिसणारा नकाशा, लॉजची खोली, सगळं बोटावर. आणि एक लाडकं ॲप फक्त सूर्य कधी उगवतो नि कधी मावळतो ते सांगायचं. डोळ्याचा रंग दिवसाउजेडीच जुळवायचा असतो. दिव्याखाली रंगवलेला डोळा सकाळी दुसऱ्याच माणसाचा वाटतो.

त्या दिवशी बाई स्टेशनाबाहेर आल्या तेव्हा चार वाजत होते. लाडकं ॲप म्हणत होतं, मावळायला दोन तास. अठरा किलोमीटरवर एक सलूनवाला त्यांची वाट बघत बसला होता. डाव्या डोळ्यावर पट्टी बांधलेल्या माणसाच्या वस्तऱ्याखाली मान द्यायला कोण धजावणार? तीन महिने त्याचं दुकान बंद होतं. आज रंग जुळवायचा, वरचा पारदर्शक थर लॉजवर चढवायचा, उद्या डोळा बसवायचा, परवा दुकान उघडायचं. उद्याच बाईंना पुढच्या गावी निघायचं होतं; आजचा उजेड हुकला तर इथली पुढची फेरी वीस दिवसांनी.

त्यांनी टॅक्सी मागवली. रद्द. दुसरी मागवली. रद्द. तिसरी तर समोरच्या पानाच्या टपरीपाशी उभी होती. चालकाने फोन पाहिला, बाईंकडे पाहिलं आणि गाडी वळवून निघून गेला.

बाईंनी भाचीला फोन लावला. “तुझं हे टॅक्सीचं भूत माझ्याशी बोलत नाही!”

“थांब, माझ्याकडे तुझा पासवर्ड आहे, बघते.” भाचीने ॲप उघडलं. मग म्हणाली, “अगं मावशी, तुझं रेटिंग दोन पॉइंट सहा आहे.”

“म्हणजे काय?”

“पाचपैकी. चालक प्रवाशांना तारे देतात.”

“मला? माझी परीक्षा घेतली कोणी? आणि मला न कळवता?”

“तक्रारीपण आहेत. ऐक. ‘प्रवासी आरशातून एकटक बघते.’ ‘सिग्नलला मागे वळून उजेडात तोंड करायला सांगितलं.’ ‘भीती वाटली.’ मावशी, तू हे केलंस?”

बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. केलं होतंच! रस्त्यावर जिवंत डोळे नाही बघायचे तर काय भिंतीवरचे बघायचे? याच बघण्यातून त्या छटा जमल्या होत्या. “एकतीस वर्षं माणसांच्या डोळ्यांत बघतेय मी,” त्या कडाडल्या, तशी शेजारची हमालमंडळी वळून बघू लागली. “माणसं रडलीत माझ्यासमोर, हसलीत. घाबरलं कोणी नव्हतं! आणि घाबरलासच तर तोंडाने सांग की! हसत पैसे घ्यायचे, ‘या काकू’ म्हणायचं आणि पाठीमागे तारे कापायचे?”

“मावशी, उजेड चाललाय.”

या तीन शब्दांनी बाई थंड झाल्या.

“मी माझ्या नावावर गाडी मागवते,” भाची म्हणाली. “पण एक अट. तू खिडकीबाहेर बघायचं. चालकाकडे ढुंकूनही नाही. मला चार पॉइंट नऊ आहे, बुडवू नकोस.”

गाडी आली. बाई पेटी मांडीवर घेऊन नव्या नवरीसारख्या मान वळवून बसल्या. खांब गेले, दुकानं गेली, पेट्रोल पंप गेला. मान आखडली. रागाने नाकपुड्या फुलत होत्या, पण शब्द म्हणजे शब्द.

“काकू, रागावलात का?” चालकाने भीत भीत विचारलं. “एसी वाढवू? गाणं लावू? पाणी आहे मागे.”

“काही नको.”

“नाही, तारे कमी नका देऊ एवढंच. गेल्या आठवड्यात एकजण म्हणाला, चालक फार बोलतो. दुसरी म्हणाली, बोलतच नाही. आता चार पॉइंट एकवर आहे. चारच्या खाली गेलं की आठ दिवस गाडी बंद. घरी काय सांगू, तारे पडले?”

बाईंनी झटकन मान वळवली. भाचीची अट गेली उडत. आरशात दोन दमलेले डोळे होते आणि बाईंनी ते अगदी मन लावून पाहिले. “म्हणजे तुम्हालाही मोजतात?”

“सगळ्यांनाच, काकू.”

“निर्लज्ज मेले हे ॲपवाले! जरा दामटा गाडी. माझा उजेड चाललाय.”

सव्वापाचला गाडी सलूनपाशी थांबली. सलूनवाल्याने आत खुर्ची पुसून ठेवली होती, ट्यूबलाइट लावली होती. बाईंनी तीच खुर्ची बाहेर पायरीपाशी ओढायला लावली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हनुवट्या धरलेल्या त्या माणसाची हनुवटी त्यांनी दोन बोटांत धरली आणि पश्चिमेकडे वळवली.

“हलू नका.”

“हे वाक्य माझं आहे, बाई,” तो म्हणाला.

सत्तावीस नंबर, त्यात चौतिसाचा थेंब, कडेला काळसर कडं. चालक गाडी बंद करून श्वास रोखून बघत होता. समोरच्या गच्चीवरून ऊन सरकलं तेव्हा बाईंनी ब्रश खाली ठेवला आणि चकती त्याच्या उरलेल्या डोळ्याशेजारी धरली. सलूनवाल्याने हातआरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“परवा पहिली दाढी कुणाची करू?” त्याने विचारलं.

“माझी,” चालक म्हणाला.

तेवढ्यात भाचीचा फोन. “पोचलीस ना? ॲप मला विचारतंय, चालकाला किती तारे देऊ?”

बाई पुन्हा उसळल्या. “माझ्याकडे नुसत्या तपकिरीच्या बेचाळीस बाटल्या आहेत, तरी एका माणसाला पुरत नाहीत. आणि या ॲपवाल्यांकडे तारे पाचच!” मग चालकाकडे पाहून त्यांनी आवाज उतरवला. “पाच दे. जास्त असतील तर तेही दे. आणि खाली लिही, उजव्या डोळ्यात मधाचा ठिपका आहे.”

“मावशी, असं नाही लिहीत ग. ‘प्रवास छान’ लिहितात.”

“ते कुणाबद्दलही लिहिता येतं. मी सांगते ते लिही.”

चालकाने गाडीच्या आरशात वाकून स्वतःचा उजवा डोळा पाहिला.