संशोधनातला निरोगी माणूस

आमच्या कॉलेजात कुणी संशोधन हा शब्द उच्चारला की मला शिसारी येते. मी तिथं ऑफिसात क्लार्क आहे. धुळ्याहून सोनगीरकडे जाताना हायवेलगत गुलाबी इमारत दिसते, तेच आमचं कॉलेज. एका बाजूला इंजिनिअरिंग, दुसऱ्या बाजूला कॉमर्स, आणि मधल्या व्हरांड्यात स्टुलावर भिकननाना.

नाना शिपाई. पण पोरांच्या संशोधनात ते काय काय नव्हते! सर्व्हेसाठी गावोगाव फिरायचा पोरांना कंटाळा, मग नानांना चहा पाजायचा आणि प्रश्नावल्या भरून घ्यायच्या. कॉमर्सचा संयम नावाचा पोरगा बँकांवरच्या नियंत्रणाचा अभ्यास करत होता. त्याच्या पेपरात नाना पिंपळनेरचे ठेवीदार झाले, मेहरूणचे दुकानदार झाले आणि एकदा तर निवृत्त शिक्षिकाही झाले. "नाना, बँकेवर तुमचा विश्वास आहे का?" असं तो विचारायचा. नाना कपात बघत म्हणायचे, "लिखी ले, शे." तो 'आहे' असं लिहून घ्यायचा.

इंजिनिअरिंगवाल्यांची तऱ्हा निराळी. दरवर्षी त्यांचा एखादा गट मनगटाला बांधायचा पट्टा बनवायचा. त्यातला सेन्सर हृदयाचे ठोके टिपतो आणि मोबाइलवर आलेख काढतो. प्रयोगाला निरोगी माणूस लागायचा, तोही नानाच. या कामाचा त्यांना भारी अभिमान. बाही दुमडून, पाठ ताठ करून बसायचे, फोटोला बसावं तसे. पट्टा सुटला की मार्गदर्शक प्रेमराज सर पाठीवर थाप मारून म्हणायचे, "नाना, एकदम ओके!"

यंदा त्या गटात मृणाली होती. एका दुपारी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. चेहरा उतरलेला.

"अक्का, नानांचे ठोके मध्येच चुकतात. पट्टा मी स्वतःला बांधून पाहिला, वॉचमनला बांधला, तुम्हालाही बांधला होता. सगळ्यांचे सरळ येतात. फक्त नानांचे नाही."

"मग सरांना सांग."

"सांगितलं. ते म्हणाले, पट्टा स्वस्तातला आहे, नाना हलले असतील, खराब रीडिंग काढून टाक." तिनं मागच्या मुलांनाही फोन केले होते. ते हसत म्हणाले होते, हो, नानांचं आमचंही खराब यायचं, आम्ही काढून टाकायचो.

म्हणजे नानांचं हृदय दरवर्षी कळवळून सांगत होतं, आणि ही शिकलेली मंडळी आलेख सुबक दिसावा म्हणून दरवर्षी नेमकं तेवढंच पुसत होती. माझ्या तोंडाची चव गेली. जिना चढताना नाना हल्ली मध्येच कठड्याला धरून थांबतात, हे आम्ही सगळेच बघत होतो.

आम्ही दोघी त्यांच्याकडे गेलो. मृणालीनं सगळं समजावून सांगितलं आणि सरकारी दवाखान्यात चला म्हणाली. नाना हसले.

"पोरी, दवाखानामा कसाले जावानं? मनी तपासनी आठे दरसाल हुई जास. बठ्ठा सर सांगतस, एकदम ओके शे."

माझी तपासणी इथं दरवर्षी होतेच, मग दवाखाना कशाला, असा त्यांचा साधा हिशेब. मी तडक प्रेमराज सरांना गाठलं. "तुमचा आलेख हवा तसा काढा, पण त्या माणसाला तरी खरं सांगा. तुमच्या थापेवर विसंबून तो डॉक्टरकडे जात नाही."

"अक्का, आपण डॉक्टर आहोत का? उगाच घाबरवू नका त्यांना. संशोधन मेळावा पार पडू द्या, मग बघू."

त्या 'मग बघू'ची मला इतकी किळस आली की मी हातातला चहा तिथंच ठेवून निघाले.

मेळावा वरच्या हॉलमध्ये होता, आसपासच्या कॉलेजांची पोरंही पेपर घेऊन आली होती. सकाळपासून खुर्च्या कोणी चढवल्या? नानांनीच. पहिला पेपर संयमचा. ज्याची तपासणी करायची त्याच्याच हाती तपासणी देऊ नये, नाहीतर बँक बुडेपर्यंत सगळं आलबेलच दिसतं, असा त्याचा निष्कर्ष. प्रेमराज सर पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते.

मग नानांना स्टेजवर नेलं. शर्ट घामानं भिजलेला, तरी पाठ ताठ. मृणालीनं त्यांच्या मनगटाला पट्टा बांधला. मागच्या पडद्यावर हिरवी रेघ धावू लागली, एकसारखी, देखणी. "हे नानांचं हृदय!" सर माइकवर म्हणाले. "आत्ता, तुमच्यासमोर!" हॉलभर टाळ्या पडल्या.

मृणाली पडद्याकडे बघत राहिली. ती रेघ नानांची नाही, हे तिला बघताक्षणी कळलं होतं. ती सरांनी इंटरनेटवरून उतरवून ठेवलेली होती आणि दर मेळाव्यात ते तीच लावायचे, हे आम्हाला मागाहून कळलं. तिनं खाली वाकून पट्टा सोडला आणि टेबलावर ठेवून दिला.

पडद्यावरचं हृदय चालूच राहिलं.

मागून कुणीतरी खिदळलं. सर वायरीशी झटापट करू लागले. नानांनी आपल्या उघड्या मनगटाकडे पाहिलं, वळून पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं,

"मंग इतला साल हाई कोनं काळीज व्हतं?"

परीक्षकांनी खाकरून पुढचा पेपर बोलावला. मी आणि मृणालीनं नानांना धरून खाली आणलं, रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीला वायरी लावल्या आणि लगेच भरती करून घेतलं. इतके दिवस काय करत होतात, असं ते आमच्यावरच ओरडले.

संध्याकाळी प्रेमराज सरांचा फोन आला. मला वाटलं, विचारपूस करायला असेल. "अक्का, कॉलेजला दुसरं बक्षीस मिळालंय. नाना कधी येतील? त्यांच्यासोबतचा फोटो राहिलाय." मी फोन कापला.

नाना खाटेवर बसले होते. डॉक्टरांनी दिलेला कागद त्यांच्या मांडीवर होता. त्यावरच्या वाकड्यातिकड्या, मध्येच अडखळणाऱ्या रेघेवरून ते सावकाश बोट फिरवत होते.

"अक्का," ते म्हणाले, "हाई मनं शे."